तंजावुरात एकही चूक नाही

तंजावूर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने मी तोंड उघडण्याआधीच "पेरिय कोविल?" (मोठं देऊळ?) असं विचारलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मला देवळात जायचंच नव्हतं. बोललेलं लिहून काढणारं यंत्र मी घडवतो. विद्यापीठाची नोकरी सोडल्यापासून हे काम पदरमोड करून चालतं, आणि पदरमोड करणारा माणूस संशयी होतोच. पुण्या-मुंबईच्या आवाजांवर वाढलेल्या माझ्या यंत्राला इथल्या जुन्या मराठी घरांतली बोली अजिबात कळत नव्हती. ती शिकवायला मी आलो होतो.

एका ओळखीतून रघुनाथरावांचं घर मिळालं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले रघुनाथराव दारातच उभे होते. त्यांच्या पत्नी सीताबाईंनी डांगर पचडी (उडदाच्या पिठाचं, दह्यातलं तोंडीलावणं) वाढून पोटभर जेवू घातलं. हा पाहुणचारही मला जरा जास्तच वाटला.

जेवणानंतर मी माइक ठेवला. रघुनाथराव ताठ बसून म्हणाले, "आमच्या कुटुंबाला येथे येऊन बराच काळ लोटला आहे."

लॅपटॉपवर अक्षरं झरझर उमटली. एकही चूक नाही. सीताबाई बोलल्या, तेही बिनचूक. दुसरा कोणी खूश झाला असता, माझा मात्र संशय बळावला. यंत्राला जे यायलाच नको, ते इतकं सफाईने कसं येत होतं? ओळखीच्या माणसाने भलतंच कुटुंब माझ्या गळ्यात मारलं की काय?

"तुम्ही पुण्याला राहिला होता का कधी?" मी आडून विचारलं.

"कशाला विचारता?" रघुनाथरावांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

तेवढ्यात सीताबाईंचा पाय लागून पाणी सांडलं. "ऐय्यो! सोंबू (तांब्या) कोण हिकडं ठिवलं?"

"मीच ठिवलों की! आतां काय होलं?"

दोघांची तमिळ हेलात अशी जुंपली, की पडद्यावर यंत्राने नुसता गोंधळ घातला. हीच ती बोली! मला इतका आनंद झाला, की मी मोठ्याने हसलो.

रघुनाथरावांनी माइक बाजूला सारला.

"पुतणीच्या लग्नात पुण्याचे व्याही आमच्या बोलण्याला असेच हसले," रघुनाथराव म्हणाले. "तेव्हापासून तिकडच्या माणसांशी आम्ही इंग्रजीच बोलतो. तुमच्यासाठी मराठी मालिका पाहून पाहून तयारी केली. आत्ताचं ते पुसा."

मी हसण्याचं कारण सांगितलं, विनवण्या केल्या. मला तेवढंच हवं होतं.

"आमचं बोलणं घरांतलं," सीताबाई म्हणाल्या. "बाहेर नको."

रघुनाथराव माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. प्रत लपवून ठेवीन असा त्यांना संशय होता, आणि खरं सांगायचं तर मलाही माझी खात्री नव्हती. शेवटी मी त्यांच्यादेखत ते भांडण कायमचं पुसलं. फार वाईट वाटलं.

परतीच्या गाडीने तंजावूरजवळचं पापनाशम स्टेशन मागे टाकलं तेव्हा मी उरलेलं रेकॉर्डिंग लावलं. यंत्र रघुनाथरावांचा शब्दन्‌शब्द ओळखत होतं. त्यांच्या घरात मात्र तसं कोणीच बोलत नाही.