रावजी ऑपरेटरचा फोटोसेल

वरकुट्याच्या रावजीसमोर सिनेमाचं नाव काढू नका. थुंकतो तो. वांग्याला पाणी देत असला तरी खोरं टाकून थुंकतो, आणि वर "शी! माणसं हायत का काय!" असं म्हणतो. त्याचं काही चुकत नाही. जे त्याच्या वाट्याला आलं ते तुमच्या-आमच्या वाट्याला आलं असतं तर आपण गावच सोडलं असतं.

पंचावन्न साली तो आप्पासाहेबांच्या फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होता. इंदापूरच्या बाजारतळावर तंबू ठोकलेला. लोकांना वाटायचं, सिनेमाचा आवाज कर्ण्यात असतो. कर्ण्यात काय असतंय डोंबल! फिल्मच्या कडेला एक नागमोडी पट्टी असते. तिच्यातून दिव्याचा सुईएवढा उजेड जातो, आणि तो थरथरता उजेड अंगठ्याएवढी एक काचेची नळी टिपते. तिला म्हणायचं फोटोसेल. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेडसुद्धा तिला कळतो. उजेड कसला, नुसती चाहूल. ती चाहूल यंत्र हजारपट वाढवतं, तेव्हा कुठं पडद्यावरची बाई गाते.

जुनी नळी पार थकली होती. आप्पासाहेबांचं आपलं एकच, "बटन पिरगाळ, आवाज वाढव."

"मालक, नळीच उजेड पकडंना झालीय. वाढवलं की खरखर बी तेवढीच वाढतीय," रावजी सांगून सांगून थकला.

वर्षभर भुणभुण केल्यावर मुंबईहून नवी नळी आली. रावजीनं ती मऊ फडक्यात धरून यंत्रातल्या पत्र्याच्या डबीत बसवली. त्या दिवशी पहिल्या खेळाला बाईनं गाण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू गेला. खरखर नावाला नाही. रावजीचे डोळे भरून आले. येड्यागत तो दहा जणांसमोर बोलून गेला, "मालक, सोनं हाय ही नळी, सोनं!"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्राची पूजा आप्पासाहेबांच्या आई, रंगूबाई, करणार होत्या. रावजी सकाळीच फिल्मच्या पेट्या आणायला बारामती स्टेशनावर गेला. दिवेलागणीला परत आला, यंत्राला घातलेले झेंडूचे हार बाजूला केले आणि खेळ सुरू केला.

बाई गायला लागली ती आडात पडल्यासारखी. तंबूत बोंब उठली, "आवाज! आवाज!" रावजीनं बटन पिरगाळलं, तर नुसती खरखर. दिवा बघितला, ठीक. भिंग पुसलं, ठीक. घामानं सदरा भिजला. तेवढ्यात आप्पासाहेब आत आले आणि मागून चारशे माणसांना ऐकू जाईल असं ओरडले, "सोनं हाय म्हणत हुतास न्हवं? बारामतीला विकून आलास व्हय रं? आन् जुनीच बसवलीस!"

रावजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं त्यानं मालकाचा एक खिळा घरी नेला नव्हता. "नवीच हाय, दावतो तुमाला," म्हणून त्यानं डबी उघडायला घेतली. पण पब्लिक बाकडी आपटायला लागलं, तसे आप्पासाहेब बाहेर पळाले.

डबी उघडली. नळी नवीच होती. आणि तिच्या काचेवर, नेमकी जिथून उजेड आत शिरायचा तिथं, काजळाची ठसठशीत तीट लावलेली! पूजा करताना म्हातारीनं नव्या नळीला दृष्ट लागू नये म्हणून ती लावली होती आणि डबी नीट बंदही केली होती.

रावजीला हसावं का रडावं कळेना. बाहेर दंगा वाढत होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं काजळ पुसलं, डबी लावली, यंत्र चालू केलं. बाईचा आवाज तंबूभर खणखणला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आता मालक येतील, खांद्यावर हात ठेवतील, असं त्या भाबड्याला वाटलं.

मालक आले. डोळा बारीक करून म्हणाले, "आणून बसवलीस ते बरं केलंस. पोलिसात देत न्हाय."

"मालक, आईसाहेबांनी काजळ लावलं हुतं! हे बघा," रावजीनं सोगा पुढं केला.

"वंगणाचा डाग दावतोस? माज्या आईवर आळ घेतोस?"

रावजी तसाच रंगूबाईंकडं गेला. म्हातारीनं एकदा लेकाकडं बघितलं, माळ ओढत नाक मुरडलं आणि म्हणाली, "मी कशाला हात लावू त्या यंत्राला?" माळ हातात धरून! थू!

सकाळपर्यंत बाजारभर झालं, रावजीनं नळी चोरली, अंगाशी येतंय म्हटल्यावर गुपचूप आणून लावली. आवाज परत आला हाच पुरावा! पानवाला म्हणाला, चहावाला म्हणाला, कधी तंबूत पाय न ठेवलेला न्हावीसुद्धा म्हणाला. कुणाकुणाचं तोंड धरणार? त्यानं फिल्मच्या पेट्यांची किल्ली मालकाच्या पायाशी टाकली आणि वरकुट्याची वाट धरली.

घरी सारजानं, त्याच्या बायकोनं, काही विचारलं नाही. भाकरी वाढली, कालवण वाढलं. रावजीला वाटलं, चला, एक तरी माणूस आपलं हाय. त्यानं पहिला घास मोडला. सारजानं दार लोटलं, जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "अवं, बाजारातलं कळलंय मला. मी कुणाला सांगत न्हाय. पर ती नळी दिसभर ठेवली कुठं हुती तुमी?"