भोकं बुजवलेली पाणबुडी

माझं लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि पलीकडच्या खोलीत दोघं भाऊ एकमेकांवर उखडले होते. हे सुट्टीवर घरी आले होते. तेव्हा पाणबुडीत इंजिनावर कामाला होते. धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या दिराने, नुकतीच नळजोडणीची कामं घ्यायला सुरुवात केली होती आणि पहिला हात आमच्याच न्हाणीघरावर साफ केला होता. तिथला नळाचा जोड ठिबकत राहिला आणि भिंतीशी ठेवलेली यांची कपड्यांची ट्रंक खालून भिजली.

"आम्ही माणसं पाण्याखाली राहतो, थेंब आत येत नाही," हे म्हणत होते. "आणि तुला घरातला एक पाइप धड जोडता येत नाही."

"मग तुमच्या बोटीतल्या कोणाला तरी बोलवा," भाऊजी म्हणाले. "येईल पोहत."

मी ओल्या हाताने तोंड दाबून हसले. पण तेव्हापासून भाऊजींना जोड तपासायचा जो रोग लागला, तो कायमचा. नळ बसवला की ते कोरड्या फडक्याने पुसायचे, खालून बोट फिरवायचे, बोट उजेडात धरून बघायचे. गिऱ्हाईक कंटाळून दारात उभं आणि भाऊजी सिंकखाली डोकं घालून बसलेले. धाकटी जाऊ म्हणायची, "मलाही लग्नाआधी पाणी भरून बघणार होते, पण घरच्यांनी घाई केली म्हणून वाचले."

म्हातारपणी यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. ड्रॉप्स घालून उरलेली टिकेल तेवढी टिकेल. एकदा हे खिडकीशी बसले असताना म्हणाले, "आमची बोट एकदा बघायला मिळाली असती." ती बोट तर कधीच भंगारात गेली होती. भाऊजी तिथेच बसले होते. पुढच्या खेपेला काखेत एक खोका घेऊन आले. त्यात त्याच जातीच्या पाणबुडीचे प्लास्टिकचे सुटे भाग होते, चौकटींना लटकलेले. ते कापायचे, घासायचे आणि जोडायचे.

"दादाला दिसतंय तोवर करून देतो," मला हळूच म्हणाले.

मला वाटलं, आयुष्यभर पाइप जोडलेला माणूस, ही एवढीशी बोट म्हणजे चुटकीचं काम. कसलं काय. खोक्यात डिंकाची बारकी नळी होती. ती त्यांच्या मनास येईना. "याने काय चिकटणार, थुंकी बरी," म्हणून त्यांनी आपलं पाइप जोडायचं सोल्युशन काढलं. बोटीचं नाक मेणासारखं मऊ पडलं आणि त्यात भाऊजींच्या अंगठ्याचा ठसा उमटला तो उमटलाच. खोका वाया. दुसरा मागवला.

दुसऱ्याचे दोन्ही अर्धे भाग केळ्यासारखे वाकलेले. पुढे जुळवावं तर मागे फाकायचे. रबरबँड लावून झाले, कपड्यांचे चिमटे लावून झाले. एकदा चिमटा सटकला आणि मागच्या पंख्याचं पातं जे उडालं, ते सापडेना. धाकटीने झाडू मारायचा नाही असा हुकूम निघाला. पातं शेवटी तिच्याच चपलेखाली सापडलं, मोडलेलं. त्यावरून दोघांचा अबोला झाला.

शेवटी बोट जुळली. आता रंग देऊन आणतील म्हणून मी वाट बघतेय, तर भाऊजींनी ती बुडवली बादलीत. खालून बुडबुडे आले. बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी बारीक भोकांची रांग होती, खोक्यातूनच तशी आलेली. भाऊजी ती एकेक करून रंगाऱ्याच्या लांबीने बुजवायला बसले. बुजवायची, वाळवायची, घासायची, रंगवायची, परत बादलीत. पाण्याने रंगाचे पापुद्रे निघाले. चिकटवलेला नंबर सुटून बादलीत तरंगायला लागला. परत पहिल्यापासून.

"ती बादली आंघोळीला कधी मोकळी होणार?" धाकटी म्हणाली. "का मीही आत उतरून बघू?"

"भाऊजी," मी म्हटलं, "ती कपाटावर बसणार आहे. समुद्रात नाही जायची."

"वहिनी, गळती ती गळती."

इकडे यांची नजर कडेने आत आत सरकत होती. आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, मग ताटाच्या कडेचं वाढलेलं तसंच राहायला लागलं. भाऊजी आले की हे विचारायचे, "झाली का रे?"

"होत आली. एक जोड राहिलाय."

मला भांडं आपटावंसं वाटायचं. एक दिवस मी त्यांच्या घरी जाऊनच सांगितलं, "आहे तशी द्या. यांचे डोळे तुमच्या लांबीसाठी थांबणार नाहीत."

"अर्धवट दिली तर दादा पहिलं बोट तिथेच ठेवेल," ते म्हणाले.

आणली एकदाची. यांना खिडकीशी बसवलं. हे मान इकडून तिकडून कलती करून बघत राहिले.

"काहीतरी काळपट आहे एवढं दिसतंय," म्हणाले. "दे हातात."

बोटं फिरवायला लागले. नाक, वरचा मनोरा, शेपूट. मग पोटाखाली गेले आणि थांबले.

"भोकं कुठे गेली?"

"बुजवली," भाऊजी म्हणाले. "सगळी. आता एक थेंब जात नाही."

"अरे, ती बाहेरच्या कवचाची भोकं. तिथून पाणी आत शिरतं. माणसं आतल्या कवचात असतात. पाणी घेतलंच नाही तर ती बुडेल कशी?"

भाऊजींचा चेहरा बघवेना. "तुम्हीच म्हणाला होतात, थेंब आत येत नाही."

"मी? कधी?"

"ट्रंक भिजली तेव्हा."

"कसली ट्रंक?" यांनी मला विचारलं. यांना खरंच आठवत नव्हतं.

भाऊजींनी बोट उचलली आणि भोकं मोकळी करायला घरी नेली. सुईने, तापवलेल्या तारेने, एकेक. एका बाजूला तडा गेला, तो भरला. परत रंग दिला. घेऊन आले तेव्हा यांना खिडकी कुठे आणि भिंत कुठे तेही कळत नव्हतं. यांनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."

"राखाडी रंग दिलाय, दादा. तुमच्या बोटीचा होता तसा."

"असं का. बरं केलंस."

मग भाऊजी स्वयंपाकघरात येऊन बसले. "दिसत होतं तेव्हा द्यायला हवी होती," म्हणाले. हेच मी घसा कोरडा करून सांगत आले होते. अगदी जिभेवर आलं होतं. मी चहा गाळला आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.

दिसत नसलं तरी यांचे ड्रॉप्स चालूच राहिले, नाहीतर डोळा ठणकायचा. औषधवाला घरपोच द्यायला तयार होता, पण भाऊजी ऐकायचे नाहीत. स्वतः जाऊन आणायचे. भाऊजी झोपेतच गेले, त्याच्या आदल्या दिवशीही ड्रॉप्स घेऊन आले होते. यांची मान मागे करून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. "गार आहे," हे कुरकुरले. "सगळ्यांना गारच लागतं," ते म्हणाले. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली, रिकामी बाटली दुकानात दाखवायला खिशात टाकली, पायरीवर बसून चपला घातल्या, आणि संपायच्या आधी सांगा वहिनी, म्हणून निघाले.