बायजाने उठवलेला अंगठा

मी एक्कावन्न साली ठाण्याजवळच्या बाळकुमच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो. मूळचा डोंबिवलीचा, पण रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शाळेशेजारीच एक खोली घेतली. गावात वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. शाळा सुटली की कोणी ना कोणी कागद घेऊन माझ्या दारात उभं असायचं, आणि तो वाचून दाखवताना मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. बायजाचा कागद हातात येईपर्यंत वाटायचं.

बायजाचं घर माझ्या खोलीसमोर. वय चाळिशीचं. नवरा तापात गेला, मूल नव्हतं, तेव्हा वर्षश्राद्ध उरकून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. माहेरी होता फक्त बाप, राघो. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. पांढऱ्याशुभ्र मिठावरचं ऊन चाळीस वर्षं डोळ्यांत घेतलं आणि दोन्ही डोळे गेले. बायजा पहाटे उठून त्याला आंघोळ घालायची, पेज पाजायची, मग स्वतः मिठागरावर जायची. दुपारी धावत यायची आणि निवट्या माशाचे काटे एकेक काढून त्याला जेवू घालायची. म्हातारा नखऱ्याचा. भाकरी जरा जाड झाली तर ताट सरकवून द्यायचा. नऊ वर्षं हे असं चाललं होतं.

राघोला मुलगा होता की! काळुराम ठाकुर्लीला रेल्वेत, क्वार्टरमध्ये बायकोमुलांसह मजेत. होळीला आणि गणपतीला पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा, अर्धा तास बसायचा, "बा, कसा हायेस?" विचारायचा. म्हातारा पुढं महिनाभर गावाला सांगत सुटायचा, "माजा कालू आयला व्हता." नऊ वर्षं काटे काढणारी मात्र त्याच्या बोलण्यात कधी यायची नाही. एक वाक्य तेवढं तो अधूनमधून म्हणायचा आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलंय: "बायजे, तुज्या डोक्यावरचा कौल कोन काडनार नाय." तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. त्या एका वाक्यावर ती जगत होती.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर काळुराम अचानक येऊ लागला. एकदा रजा टाकून आला, टांगा केला आणि बापाला ठाण्याला घेऊन गेला. रेशनकार्डाचं काम आहे म्हणाला. संध्याकाळी दोघं हात हलवत परत आले. म्हाताऱ्याचा अंगठाच उठत नव्हता! मिठाने त्याच्या बोटांची सालं इतकी खाल्ली होती की रेघ म्हणून शिल्लक नव्हती. कागदावर नुसता शाईचा डाग पडायचा. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, रेघा दिसल्याशिवाय चालायचं नाही.

"तू काय तरी कर ना," काळुराम बहिणीला म्हणाला. "तुज्या हाताला गुन हाय."

बायजा खुलली. भावाने कधी नव्हे ते कौतुक केलं होतं. म्हातारा बसल्या बसल्या काथ्या वळायचा, ते तिने दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. सकाळ-संध्याकाळ अंगठा तांदळाच्या कोमट धुवणात भिजवायचा, मग खोबरेल चोळायचं, वर मऊ चिंधी बांधायची. रोज संध्याकाळी चुलीची काजळी लावून ती त्याचा अंगठा भिंतीवर टेकवून बघायची. माझ्या खोलीच्या दारातून मला ते काळे डाग दिसायचे. पंधराएक दिवसांनी तिने मला हाक मारून बोलावलं. भिंतीवर तांदळाच्या कणीएवढ्या का होईना, तीन-चार रेघा उमटल्या होत्या. ती लहान मुलीसारखी हसत होती.

काळुराम आला, बापाला घेऊन गेला, काम झालं.

दिवाळीच्या आधी बायजाने म्हाताऱ्याच्या ट्रंकेतले कपडे उन्हात टाकले तेव्हा तळाशी अंगठा उठवलेला तो कागद सापडला. ती तशीच माझ्याकडे आली.

"गुरुजी, बगा तं, कसा झ्याक उठलाय आंगठा! आता कार्ड कवा मिलंल, ता वाचा."

मी वाचलं. एकदा मनात वाचलं आणि कागदाची घडी घालू लागलो. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मोठ्याने वाचावं लागलं. 'माझा मुलगा काळुराम याने माझ्या वृद्धापकाळी माझी मनोभावे सेवाचाकरी केली व करीत आहे. त्यावर संतुष्ट होऊन माझे राहते घर मी त्यास राजीखुशीने बक्षीस देत आहे. मुलगी बायजा हिचे लग्न करून दिले असून तिचा या घराशी काही संबंध नाही.'

घराचं ऐकून ती हलली नाही. म्हणाली, "पयला परत वाचा." मी वाचलं. "सेवाचाकरी कोनी केली?"

"काळुराम लिहिलंय," मी मास्तरासारखं उत्तर दिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला वाटलं, काळुरामने आंधळ्या बापालाही फसवलं असणार. मी तिच्याबरोबर गेलो. म्हातारा ओटीवर बसला होता.

"बा, ह्या कागदात कालूनी तुजी सेवा केली असा लिवलंय. तुला वाचून दावला व्हता?"

"दावला," म्हातारा म्हणाला. "दोनदा."

"मना का नाय सांगितलास?"

"सांगितला असता तं आंगठा कोनी उठवला असता?" मग तो समजुतीच्या सुरात बोलला. "बग बायजे, त्याला काय दिल्याबिगर त्यो यायचा नाय. माज्या चितेला आग कोन देनार? तुजा काय, तू तं हायेसच."

ती आत गेली आणि चुलीवर तांदूळ चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेजेची वाटी त्याच्या हातात दिली. "कोन, बायजा का?" त्याने विचारलं.

"नाय. कालुराम हाय," ती म्हणाली. "कागदात लिवलंय."

त्यानंतर तो गेला तोवर, सव्वा वर्ष, हेच. आंघोळ चुकली नाही, काटे काढायचे राहिले नाहीत, पण "कोन?" म्हटलं की उत्तर एकच. म्हातारा चिडला, शिव्या दिल्या, एकदा रडलासुद्धा. मला दया आली नाही.

काळुरामने बापाच्या चितेला आग दिली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं. बायजा बोचकं घेऊन शाळेत मला सांगायला आली. ठाण्यात कोणाकडे तरी भांडी घासायचं काम मिळालं होतं. मी काळुरामला चार शिव्या हासडल्या. तिने मान हलवली.

"त्याचा सोडा. मरायच्या दिशी बा नी पानी मांगितला, गुरुजी. 'कालू, पानी दे,' बोलला. मना." ती बोचक्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत राहिली. "मना वाटलेला, एक दिस तरी भांडंल माज्याशी. बोलंल, नाय, तू बायजाच हायेस."

आणि मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.