मागून धरणारी गाडी

बुद्धभूषणला कुणी मदत केलेली चालत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी आग्रहानं वाढायला आलं तरी हा ताटावर आडवा हात धरणार आणि मग उठून स्वतः वाढून घेणार. तळवड्यात माझं डाय बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. डाय म्हणजे कंपन्यांचे पत्र्याचे भाग ज्यात दाबून काढतात ते लोखंडी साचे. ते गिऱ्हाइकाकडे पोचवायचं काम पहिल्यापासून भूषणच्या गाडीवर आहे. त्यामुळे त्याचा हट्टीपणा मी जितका सोसलाय तितका त्याच्या बायकोशिवाय कुणी सोसला नसेल.

त्याचे वडील साहेबराव पिंपरीच्या एका कंपनीत पर्मनंट होते. कुणाकुणाच्या हातापाया पडून त्यांनी पोराला तिथंच टेंपररी म्हणून चिकटवलं. भूषण काही महिन्यांतच बाहेर पडला. कारण काय, तर सुपरवायझर मागं उभा राहून बघतो. "मागं उभं राहून बघणारा माणूस मला जमत नाही," असं त्यानं घरी सांगितलं, आणि साहेबरावांनी बरेच दिवस त्याच्याशी अबोला धरला. त्यानं मात्र आधी दुसऱ्याचा टेंपो चालवला, मग स्वतःचा घेतला. चालवायचा मात्र झकास. खड्ड्यातून गाडी अशी काढायचा की माझ्या साच्याला कधी ओरखडा आला नाही. हे मी तोंडावर कधी बोललो नाही, कारण मग भाव वाढला असता.

पुढे चाकणच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा गेला. तेव्हा त्यानं ताथवड्याच्या एका हौशी माणसाकडून जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. पुढं चार माणसांची केबिन, मागं उघडा हौदा. क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. रुपीनगरच्या त्यांच्या गल्लीत गाडी आली तेव्हा भूषण आठवडाभर तिच्याभोवतीच घुटमळत होता. डॅशबोर्डवर त्यानं बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, सीटांना नवी कव्हरं घातली.

आणि पहिल्याच घाटात त्याचं आणि गाडीचं बिनसलं. उतारावर ब्रेक दाबला की गाडी आपणहून खालच्या गिअरला यायची आणि इंजिन मोठ्यानं घुरघुरायला लागायचं. त्याला वाटलं, गिअरबॉक्स गेला, फसवलं आपल्याला. तडक गणराज मेकॅनिककडे गेला. गणराजनं गाडी तपासली आणि हसला.

"काही बिघाड नाहीये भाऊ. उतार लागला, मागं वजन असलं, की ही स्वतःच खालचा गिअर घेते. इंजिन मागून धरून ठेवतं. म्हणजे नुसत्या ब्रेकवर भार येत नाही, ब्रेक तापत नाहीत."

"मला न विचारता?"

"तुला कशाला विचारेल? तिला उतार कळतो."

झालं. गाडीला उतार कळतो, हे भूषणच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं घाट उतरणाऱ्या माणसाला आता ही लोखंडी बया शिकवणार! पिकअपवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात त्याच्यासारखे बरेच दुखावलेले जीव निघाले. कुणाला आवाज सहन होत नव्हता, कुणाला वाटायचं डिझेल जास्त जातं. उपाय तिथंच मिळाला. गिअरच्या दांड्याजवळ एक बटण आहे, ते थोडा वेळ दाबून धरलं की गाडीचं हे मागून धरणं बंद होतं. फक्त किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की ते परत चालू होतं, म्हणून दर वेळी नव्यानं दाबायचं. भूषणला तेवढे कष्ट मंजूर होते. किल्ली फिरवायची, मूर्तीला हात लावून कपाळाला लावायचा, बटण दाबून धरायचं आणि निघायचं. उतारावर गाडी निवांत घरंगळायची आणि हा आपला ब्रेकवर पाय टेकवत-सोडत खाली आणायचा. त्याला ते जमायचं, हेही खरं.

मग दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्याची गाडीच बंद केली. शुगर जुनी होती, पथ्य नावालाच. तपासणीत डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगून पावलांना टाचणी लावली, तर कुठल्या पायाला लावली हेच त्याला सांगता येईना. "ब्रेकवर पाय किती पडलाय हे तुम्हाला कळत नाही, तर गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाले. त्याची बायको, भाग्यश्रीवहिनी, शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे घरी येऊन वेगळं काही सांगायची सोय राहिली नाही.

घर त्या पिकअपवर चाललेलं. वहिनी एका शाळेच्या ऑफिसात होत्या, पण तो पगार पुरणारा नव्हता. चाकणचा शेखर म्हणून एक ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला गाडी घ्यायला टपलेलाच होता, दोनदा येऊन बघूनही गेला. गाडी गेली की भूषण घरी बसणार, आणि घरी बसलेला भूषण काय चीज असेल याचा मला विचारही करवत नव्हता. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी चालवते." भूषण हसला. तो हसला म्हणूनच त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं, असं माझं मत आहे.

लायसन्स आलं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, रस्ते मोकळे. तिथं वहिनी पिकअपवर हात बसवायच्या. भूषण शेजारी बसायचा खरा, पण शिकवायचा काही नाही, नुसता ओरडायचा. सपाट रस्त्यावर त्या छान चालवायला लागल्या तरी हा कबूल करेना. शेवटी म्हणाला, "माल भरून खोपोलीचा घाट उतरून दाखव. उतरलीस तर गाडी राहील, नाहीतर शेखरला देऊन टाकू."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "पण मी चालवत असताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

खोपोलीला पोचवायचे साचे माझेच होते आणि गिऱ्हाइकाला मलाही भेटायचं होतं. म्हणून मी मागच्या सीटवर बसलो. नवराबायकोच्या पैजेत मागच्या सीटवर बसू नये, हे मला लोणावळ्यापर्यंत कळून चुकलं. भूषण खिडकीकडे तोंड करून बसला होता. बोलायचं नाही म्हटल्यावर त्यानं बघायचंही सोडलं होतं. वहिनी मात्र शांतपणे, शिस्तीत चालवत होत्या.

लोणावळ्याला चहा घेतला. परत बसलो, वहिनींनी गाडी सुरू केली आणि जुन्या रस्त्यानं आम्ही उताराला लागलो. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग गाडी ओढायला लागली. मागं माझे साचे, ते काय हलके नव्हेत. वहिनींचा पाय ब्रेकवर गेला तो उठेचना. वळण आलं, वळण गेलं, पाय तिथंच. थोड्या वेळानं केबिनमध्ये जळका वास आला. मी भूषणकडे बघितलं. त्याच्याही नाकपुड्या फुलल्या होत्या, पण गडी तोंड उघडेना. मला असा संताप आला! आपण तिघं दरीत गेलो तरी हा शब्द पाळणार की काय?

"ब्रेक मऊ लागतोय हो," वहिनी म्हणाल्या. आवाज घाबरलेला नव्हता, पण कोरडा पडला होता.

तेव्हा तो वळला. "भाग्या, पुढं डावीकडं रुंद जागा आहे. हळू घे. पाय दाबूनच ठेव, घाबरू नको. घे आता."

त्यांनी घेतली. गाडी थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढं जाऊन थांबली, पण थांबली. मी उतरून चाकांना दगड लावले. पुढच्या चाकांतून धूर येत होता. मी पाण्याची बाटली उचलली तसा भूषण आतून ओरडला, "पाणी नको मारू राव! आपोआप गार होऊ दे."

मी परत येऊन बसलो. भूषण समोरच्या स्क्रीनकडे वाकून बघत होता.

"हे बंद कसं?" तो म्हणाला. "बटण कुणी दाबलं?"

"मी."

"तू? का?"

"म्हणजे काय? दर वेळी दाबते. किल्ली फिरवली की तुम्ही मूर्तीला हात लावता आणि मग ते दाबता. किती वर्षं शेजारी बसून बघतेय. मला वाटलं, ही गाडी सुरू करायची रीतच तशी."

खालून एक ट्रक रडत रडत चढत आला आणि निघून गेला. मी मनात म्हटलं, झालं. आता हा म्हणणार, तुला साधं कळत नाही, सरक, मी चालवतो. आणि बधिर पायानं हा आम्हाला खाली नेणार. तो तसं म्हणाला असता तर मी साच्यांसकट तिथंच उतरलो असतो.

भूषण म्हणाला, "त्या बटणानं गाडीचं इंजिनानं धरणं बंद होतं. उताराला तेच पाहिजे असतं. मी बंद करायचो."

"का?"

"आवडायचं नाही मला. गाडी मला आवरते, असं वाटायचं."

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगणार? लाज वाटायची."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चांगली कानउघाडणी होणार, आणि खरं सांगायचं तर मला ती ऐकायची होती. पण त्या फक्त म्हणाल्या, "चाकं गार होईपर्यंत वेळ आहे. आता नीट सांगा."

आणि भूषणनं सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गाडी वेग घ्यायला लागली की एकदा ठाम दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे गाडीला कळतं आणि ती खालचा गिअर घेते. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात नाही. आवाज होईल, होऊ दे. सांगताना मध्येच त्याचा हात स्टिअरिंगकडे जायचा आणि तो मागं घ्यायचा.

धूर थांबला, वासही गेला. वहिनींनी किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, ब्रेक दोनतीनदा दाबून बघितला आणि आम्ही निघालो. पहिल्या उताराला त्यांनी ब्रेक दाबून सोडला, तसं इंजिन घुरघुरलं आणि गाडी जागच्या जागी सावरली. भूषणच्या कपाळाला आठी पडली. वहिनी मात्र मोकळं हसल्या.

"अगंबाई, किती बरं वाटतंय हे! कुणीतरी मागून धरल्यासारखं."

भूषण खोपोलीपर्यंत तो आवाज ऐकत बसला.

साचे उतरवून झाले. गिऱ्हाइकाशी बोलून मी बाहेर आलो, तर भूषण गेटजवळ उभा राहून फोनवर बोलत होता. "नाही शेखरभाऊ, गाडी द्यायची नाही आता. नाही, मी नाही, आमच्या मिसेस चालवणार." पलीकडून काहीतरी चेष्टा झाली असावी. भूषण म्हणाला, "उतरल्या की घाट. मी होतो ना शेजारी."

तो फोन ठेवून गाडीत येऊन बसला. वहिनींनी ऐकलं होतंच. मला वाटलं, त्या खूश होतील, पण त्या गाडी सुरू न करता नुसत्या बसून राहिल्या.

"मी तुला काहीच शिकवलं नाही," भूषण म्हणाला. "नुसता बोंबलत बसलो. आता विचार, जे विचारायचं ते."

"विचारू?"

"विचार की."

"पायाला कधीपासून कळत नव्हतं तुमच्या?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. डॉक्टरांनी टाचणी लावली ती दिवाळीनंतर. त्याआधी सगळा पावसाळा भूषण हाच घाट उतरत होता, बटण दाबून, कधी मला घेऊन, कधी शाळेला सुट्टी असली की वहिनींना शेजारी बसवून.

भूषणनं तळहातांनी मांड्या घासल्या. थाप मारायची असती तर ती त्याला सहज सुचली असती, इतकी वर्षं मालाला उशीर का झाला हे तो मला सांगत आलाय.

"मागच्या उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.