गुडघ्यांचं मशीन, काकांची छाती

आम्ही फिजिओथेरपीवाले चार जण कुठे जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, तुझे आयसीयूचे किस्से सांग ना!" जणू मी सर्कशीत कामाला होते! पण खरंय, किस्से साठतात. सांगताना हसू येतं आणि घरी गेल्यावर जेवण जात नाही. भाईंदरच्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात मी होते, मोबाईलला नुकते कॅमेरे यायला लागले होते तेव्हा. त्यातले हे सगळे एकाच पेशंटचे.

पेशंट म्हणजे चौक गावचे हरेश्वरकाका. सगळा जन्म मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस. न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटरवर गेले. न्यूमोनिया बरा झाला, पण व्हेंटिलेटर काही सुटेना. इतके दिवस मशीनच श्वास देतंय म्हटल्यावर श्वासाचे स्नायू पार गळून गेलेले. गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. हात उचलायचीही ताकद नाही.

एक दिवस आमचे मोठे डॉक्टर कुठेतरी वाचून आले, की लाईट दिला तर स्नायूंना जोर येतो म्हणे. खाली ओपीडीत गुडघेदुखीसाठी तसलं मशीन होतंच. ते काकांच्या बायकोला, काशीमावशीला म्हणाले, "बरगड्यांवर लावून बघू. फायदा होईलच असं नाही, पण त्रास काही नाही."

"दुखंल काय?"

"अजिबात नाही."

"तुमी लावून बगितलीय कवा?"

डॉक्टर फाईल चाळायला लागले. मग मावशीच म्हणाली, "लावा. त्यांचा दम त्यांनी घेतला पायजे."

*

मशीन वर गेलं आणि खाली बोंबाबोंब. केबिन रोडवर साड्यांचं दुकान असलेल्या एक बेन रोज गुडघ्याला लाईट घ्यायच्या. "हमारा लाईट किधर गया?"

म्हटलं, "ऊपर एक पेशंट सीरियस है."

"तो हम क्या मज़ाक में आते हैं?"

माझं डोकंच फिरलं. त्यांना तशीच वर घेऊन गेले आणि काचेतून काका दाखवले. बेननी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "रखो, रखो. घुटने से कोई मरता नहीं." जिना उतरताना बिचाऱ्या पायरीपायरीला थांबत होत्या, मीच हात दिला.

*

आता गंमत अशी, की हा लाईट डोळ्यांना दिसतच नाही. इन्फ्रारेड. पहिल्या दिवशी मी मशीन लावलं, तर मावशी वाकून वाकून बघतेय. "लाईट कुठं हाय? मला तर कायच दिसत न्हाय."

डॉक्टरांकडे नवा कॅमेऱ्याचा मोबाईल होता. मोबाईलच्या कॅमेऱ्यात तो दिसतो, जांभळट ठिपका. त्यांनी हौसेने दाखवला, आणि तिथेच चुकलं! दुसऱ्या दिवसापासून जो नातेवाईक येईल तो आधी डॉक्टरांना गाठणार, "साहेब, जरा मोबाईल द्या, लाईट बगायची हाय." डोंगरीहून आलेला एक भाचा तर रांगेत उभा राहून त्या ठिपक्याच्या पाया पडून गेला. काकांकडे बघायचंच विसरला. डॉक्टर वैतागून म्हणाले, "उद्यापासून मी मोबाईल घरी ठेवणार!"

*

मशीन लावलं की काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. रोज. कानापर्यंत ओघळायचं. मी मशीन तपासलं, जागा बदलली, पॉवर कमी केली, तरी तेच. आमची सिस्टर म्हणायची, "आँख सूखती है, उसका पानी है." डॉक्टरही तसंच म्हणायचे. मावशी मात्र मला विचारायची, "दुखतंय काय गो त्यांना?" मी म्हणायचे, नाही मावशी. दुसरं काय म्हणणार? ती त्यांचा हात घट्ट धरायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. "लाव तू," म्हणायची, "थांबू नको."

*

एकदा जाऊन बघते तर काकांची छाती पिवळीधमक! मावशीने भेटायच्या वेळात गुपचूप हळदीचा लेप थापलेला, लाईटचा जोर कमी पडतोय म्हणून. सिस्टर किंचाळली, "ये क्या है? शादी है क्या?"

मावशी शांतपणे म्हणाली, "लग्नात दुसऱ्यांनी लावली. आता मी लावली, त्यात काय झालं?"

लेप पुसायला मला अर्धा तास लागला. सिस्टर मदतीला आली नाही. कोपऱ्यात जाऊन उगाच सलाईनच्या बाटल्या लावत बसली.

*

मग व्हेंटिलेटर काढून बघायचा दिवस आला. नळी सुटी केली आणि काका स्वतःचा श्वास घ्यायला लागले. आम्ही सगळे पलंगाभोवती. मावशी त्यांच्या जोडीने मोठमोठ्याने श्वास घेतेय, वर खांदे, खाली खांदे! सिस्टर म्हणाली, "मावशी, आप नहीं, उनको लेने दो!" मावशी ऐकते कुठली! शेवटी तिलाच चक्कर आली आणि शेजारच्या रिकाम्या पलंगावर आडवी केली. तोपर्यंत काकाही दमले. परत व्हेंटिलेटर.

डॉक्टर म्हणाले, "उद्या पुन्हा बघू." असे किती उद्या झाले! मला त्या शब्दाचा राग यायला लागला होता. मग इन्फेक्शन झालं आणि काका गेले. लाईटने काही झालं की नाही, देव जाणे. मशीन मी पुसून परत खाली नेलं, आणि दुसऱ्याच सकाळी बेन हजर.

*

दिवसकार्य झाल्यावर एक दिवस काशीमावशी ओपीडीत आली. गुडघेवाल्यांच्या रांगेत बसली. नंबर आला तशी मी विचारलं, "मावशी, गुडघा दुखतो?"

"न्हाय."

"मग?"

तिने बरगड्यांवर हात ठेवला. "त्यांना लावायचीस तिथं लाव."

मला नाही म्हणता आलं नाही. तिला आडवं केलं, बरोब्बर त्याच जागी मशीन टेकवलं, बटण दाबलं. मावशी डोळे मिटून, अंग आवळून पडून राहिली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"चालू हाय काय?"

"चालू आहे, मावशी."

"सगला जोर लाव."

लावला. तिने मशीनवर तळहात दाबून धरला.

"कायच वाटत न्हाय गो," ती म्हणाली. "मंग त्ये रडायचे कशाला?"