हवावाल्याची पायपेटी

माझ्या मामाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. गल्लीत त्याला सगळे 'हवावाला' म्हणतात. पंप असो की स्टोव्ह, जिथे हवा तिथे मामा. म्हणूनच आईची जुनी पायपेटी, म्हणजे पायांनी भाता चालवत वाजवायचा ऑर्गन, त्याने दुरुस्तीला घेतली.

आई ताईकडे राहायला जाणार होती. ताईच्या घरात जागा बेताचीच. तिने बजावलं होतं, "वाजली तर आणू. मुकी पेटी भंगारवाल्याला." आई पेटीवरची धूळ मात्र रोज पुसत राहिली.

मामाने पेटीची पाठ उघडली. उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं होतं. सुरांच्या पितळी पट्ट्या त्याने एकेक करून काढल्या, मी मऊ ब्रशने साफ केल्या. भात्याला त्याने आतून ठिगळं लावली.

"टायर फाटला की ठिगळ आतूनच लावायचं. हवाच ते दाबून धरते," मामा म्हणाला. इंजिनिअर असून मीही मान डोलावली.

सामान न्यायला टेम्पो यायच्या आदल्या दिवशी आई पेटी वाजवायला बसली. पेटी नुसती धापा टाकत राहिली.

मामाने सवयीने भात्यावर साबणाचा फेस फासला आणि बुडबुड्यांची वाट बघत बसला. "मार गं पाय." बुडबुडा एकही आला नाही. उलट ठिगळांपाशी फेसच आत गडप झाला.

"अगं, ही तर हवा आत ओढते!"

"मग? पहिल्यापासून ओढतेच आहे."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कुठे? हवावाला ना तू!"

आत ओढल्या जाणाऱ्या हवेने ठिगळं सुटली होती. मामाने ती खरवडून काढली आणि ट्यूबच्या पातळ रबराची नवी ठिगळं बाहेरून चिकटवली.

सकाळी टेम्पो दारात आला तेव्हा खोलीभर पंक्चरच्या सोल्यूशनचा वास होता. ताई घड्याळ बघत उभी. आईने पदर खोचला, पाय चालवले आणि एक अख्खी चाल वाजवली. वरचा एक सूर बोललाच नाही. तिथे तिने तो तोंडाने म्हटला आणि पुढे गेली.

चाल संपली. ताई हमालांकडे वळून म्हणाली, "आईचं कपाट राहू द्या इथेच. आधी ही पेटी घ्या."

"आडवी करू नका रे," मामा मागून ओरडला, "ठिगळं वाळतायत अजून!"