बरोबरीत सुटलेली कुस्ती
ती कुस्ती ठरवून चालली आहे, अशी पहिली आरोळी मीच ठोकली होती. अजूनही लग्नघरी हळद-तेलाचा वास आला की जत्रेतल्या आखाड्याची ती हळद-तेल घातलेली लाल माती समोर येते. एक वस्ताद चिखलीचा, दुसरा मलकापूरचा, दोघंही उतारवयातले. ही जोड पाहायला आम्ही कित्येक वर्षं थांबलो होतो. प्रत्येक डावाला तोड निघत होती. ‘‘पाह्य बे, याले म्हणतात कुस्ती,’’ शेजारचा म्हणाला. मग चिखलीकराने मागून कंबर धरली आणि दोघंही तसेच थिजले. मलकापूरकराच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली, तरी पापणी हलली नाही. ‘‘काऊन, झोपले काय बे? ठरवून लढून राह्यले!’’ मी ओरडलो. माझ्यामागे सारे ओरडले, ढेकळं पडू लागली. चिखलीकराने ती स्वतःच्या पाठीवर घेतली, पण मिठी सोडली नाही. पंचाने बरोबरी जाहीर केल्यावरच त्याने जोडीदाराला हळूच पालथं निजवलं. मलकापूरकर त्या मिठीतच गेला होता, आणि पाठ मातीला लागली असती तर शेवटची हार त्याच्या नावावर राहिली असती. परवा चिखलीला जाऊन मी त्या वस्तादाचे पाय धरले. ‘‘तो ओरडणारा मीच होतो, वस्ताद. मले माफ करा.’’